चूक नेमकी कोणत्या रात्री शिरली? रोजच्या बॅकअपमधून शोध आणि दुरुस्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची सुमारे १८,००० पुस्तकांची सूची एक्सेलमध्ये आहे. रोज रात्री तिची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्या त्या तारखेच्या फोल्डरात जाते आणि गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या प्रती शिल्लक आहेत. वार्षिक पडताळणी करताना लक्षात आलं की ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालंय, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. शेकडो ठिकाणी झालंय, पण सगळीकडे नाही. काही नोंदी अगदी ठीक आहेत. हे कधी झालं ते कुणालाच ठाऊक नाही. जुनी प्रत परत टाकली तर मधल्या काळात भरलेल्या दोनेक हजार नोंदी जातील. मग करायचं काय?

आधी धीर देतो. तुमच्याजवळ सहा महिन्यांच्या तारीखवार प्रती आहेत, म्हणजे जवळजवळ सगळं परत मिळेल आणि मधलं काम गमवावं लागणार नाही. फक्त जुनी प्रत चालू फाइलवर टाकायची नाही. कितीही मोह झाला तरी.

हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी ते एकदा करून बसलो आहे. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत ठेवीदारांच्या यादीतला एकच रकाना कुणीतरी अकारविल्हे लावला, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. वारसांची नावं भलत्याच ठेवीदारांसमोर जाऊन बसली. मी बारा दिवसांपूर्वीची चांगली प्रत शोधली आणि ती थेट चालू फाइलवर उतरवली. वारस जागेवर आले आणि बारा दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या. तिथल्या तीन कर्मचाऱ्यांनी कागदी पावत्या काढून चार रात्री बसून त्या पुन्हा भरल्या. चूक एका रकान्यात होती आणि मी उलटवली अख्खी फाइल. त्या रात्रींची रुखरुख अजून आहे, आणि बॅकअप कसा वापरायचा हे मी खऱ्या अर्थानं तेव्हापासून शिकू लागलो.

म्हणून आज पहिलं काम एवढंच करा: जुन्या प्रती आपोआप पुसल्या जात असतील तर ते थांबवा. बहुतेक बॅकअप प्रोग्राम ठरावीक दिवसांनंतर सर्वांत जुनी प्रत टाकून देतात. तुम्ही विचार करत बसाल आणि रोज रात्री एकेक चांगली प्रत हातातून जाईल. शक्य असेल तर ती हार्ड डिस्क काढून ठेवा, आजपासूनचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर सुरू करा, आणि जुन्या डिस्कवरच्या लागतील त्या फाइली आधी संगणकावर वेगळ्या फोल्डरात उतरवून मग उघडा. डिस्कवरची फाइल थेट उघडून ‘सेव्ह’चं बटण चुकूनही दाबलं जाऊ नये. यामागे एक खास कारणही आहे. आरसिंकसारखी बॅकअप घेणारी साधनं जागा वाचवण्यासाठी न बदललेली फाइल दर रात्री नव्यानं लिहीत नाहीत. वेगवेगळ्या तारखांच्या फोल्डरांत एकाच फाइलचे दुवे ठेवतात. अशा व्यवस्थेत १० जूनच्या फोल्डरातली फाइल जागेवरच बदलली, तर तिच्याशी जोडलेली ९ तारखेची आणि ८ तारखेचीही बदलते. पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो.

आता चुकीकडे पाहू. ‘काही नोंदी ठीक, काही बिघडलेल्या’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच. ‘दुसऱ्या’मधला तो र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, मूळचा नुक्ता (खालचा टिंब) असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण, जिला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण कुणी ती न दिसणारी खूण काढून टाकली, तर उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा पुढच्या अक्षरावर रफार होतो. तुमच्या सूचीत काही नोंदी एका कळफलकानं भरलेल्या असणार आणि काही दुसऱ्यानं. पहिल्या प्रकारच्या वाचल्या, दुसऱ्या प्रकारच्या बिघडल्या. म्हणजे आपण शोधतोय ती घटना एखाद्या माणसाच्या टंकलेखनाची चूक नसून ‘न दिसणारी अक्षरं काढा’ असं काहीतरी सरसकट चालवलेलं काम आहे. हा अंदाजच, पण प्रतींना नेमकं काय विचारायचं ते यावरून ठरतं.

प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही, किंवा सरळ आकडा असेल. ‘फाइल ठीक दिसते का’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण पन्नासावी फाइल उघडेपर्यंत डोळ्यांना सगळंच ठीक दिसू लागतं. एक जुनी नोंद निवडा, सहा महिन्यांपूर्वीही होती आणि आजही आहे अशी. उदाहरणार्थ, कऱ्हाडला छापलेलं एखादं पुस्तक, दाखल क्रमांकासकट, म्हणजे वाचनालयानं त्या पुस्तकाला दिलेल्या क्रमांकासकट. आता तारखांच्या मधोमध जा. साधारण १८० प्रती आहेत, नव्वदावी उघडा. तिथं ‘कऱ्हाड’ असेल तर चूक नंतरची, ‘कर्हाड’ असेल तर आधीची. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. जास्तीत जास्त आठ फाइली उघडून तुम्ही नेमक्या दोन लागोपाठच्या रात्रींवर येता: आदल्या रात्री बरोबर, दुसऱ्या रात्री चूक. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. प्रोग्राममधला प्रत्येक बदल नोंदून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामरांच्या साधनात तर बायसेक्ट नावाची आज्ञाच यासाठी आहे. हजार बदलांतून बिघडवणारा एक बदल ती दहाएक फेऱ्यांत दाखवते.

या युक्तीला एक अट आहे: चूक एकदाच शिरलेली असावी. ती हप्त्याहप्त्यानं शिरली असेल, किंवा मध्ये कुणी काही नोंदी हातानं सुधारल्या असतील, तर अर्ध्या-अर्ध्याचा शोध तुम्हाला ठामपणे चुकीच्या तारखेवर नेऊन सोडेल. म्हणून माझी पसंती मोजणीला. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा एखादा विद्यार्थी गाठा. प्रत्येक तारखेच्या फाइलीत ती न दिसणारी जोडखूण किती वेळा येते ते मोजून तारीख आणि आकडा अशी यादी काढणं हे त्याचं तासाभराचं काम. मग सहा महिने एका पानावर दिसतात. रोज थोडा थोडा वाढत जाणारा आकडा एका रात्री एकदम शून्यावर आला असेल, तर घटना एकच. पायऱ्यापायऱ्यांनी खाली आला असेल, तर घटना अनेक. शून्यावर येऊन पुन्हा वाढून पुन्हा शून्यावर येत असेल, तर ते काम अजून अधूनमधून चालतंय, आणि दुरुस्तीच्या आधी ते बंद करायला हवं. नाहीतर आज सुधाराल आणि सोमवारी पुन्हा बिघडेल. माझ्या अनुभवात अशा पानाकडे पाहिल्यावर निम्मं कोडं तिथंच सुटतं.

दोन रात्री मिळाल्या की त्यांची एकमेकींशी तुलना करायची. इथं घाई करू नका. मी तर या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ देतो. एक्सेलची फाइल म्हणजे आतून एक झिप, म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं असते, त्यामुळे दोन फाइली जशाच्या तशा ताडून हाती काही लागत नाही. दोन्ही एक्सेलमधल्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या साध्या मजकुराच्या प्रकारात साठवा, दाखल क्रमांकानं क्रम लावा आणि मग डिफ किंवा विनमर्जसारख्या साधनानं ओळीला ओळ लावून पाहा. क्रम लावला नाही तर एका ओळीच्या सरकण्यानं सगळीच फाइल बदललेली दिसते. साठवलेली सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. दाखल क्रमांकाच्या आधीची शून्यं जातात, तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसू लागतो, आणि ती फाइल पुन्हा साठवलीत की एक नवी चूक जन्माला येते. सीएसव्ही पाहायची ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये.

तुलनेत त्या दिवशीचे सगळे बदल दिसतील, चुकीचेही आणि योग्यही. त्या दिवशी आलेली दहा नवी पुस्तकं, कुणी सुधारलेली किंमत, आणि शेकडो हरवलेल्या जोडखुणा. चुकीच्या बदलांपाशी थांबू नका. सरसकट काम चालवलं की त्याचे परिणाम एकाच जागी दिसतात असं क्वचितच होतं. लेखकाच्या नावातली दुहेरी जागा गेली का? वर्गांकातला काही भाग गेला का? ‘क्’ आणि ‘ष’ मुद्दाम सुटे ठेवले होते ते जुळले का? तुम्ही ‘कऱ्हाड’ शोधायला आला होता, पण त्याच रात्रीत आणखी एखादी चूक शांतपणे बसलेली असू शकते, आणि ती शोधायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही.

फाइल शेवटची कुणी आणि किती वाजता साठवली हेही एक्सेलच्या फाइलीत, तिच्या माहितीच्या पानावर, नोंदलेलं असतं. जुन्या प्रतीत ते त्या दिवसाचंच असतं. समजा, तिथं दुपारी पावणेबारा आणि तुमच्या सहकाऱ्याचं नाव दिसलं. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की त्या दिवशी सूचीवर काय काम केलं होतं. जाब विचारायचा नाही. माझी खात्री आहे की उत्तर काहीसं असं असेल: ‘शोधात ‘दुसऱ्या’ टाकलं की निम्मीच पुस्तकं यायची. कुणीतरी सांगितलं की न दिसणारी अक्षरं असतात, ती काढली की शोध नीट चालतो. म्हणून काढली.’ अडचण खरी होती आणि हेतू चांगला होता. दोन प्रकारे लिहिलेला ऱ शोधात एकमेकांशी जुळत नाही, हे अगदी बरोबर. फक्त उपाय उलटा पडला. जोडखूण पुसण्याऐवजी ‘र, हलन्त, जोडखूण’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ हे दोघं घालायला हवे होते. हे कळलं नाही तर तुम्ही जुनं रूप परत आणाल, शोध पुन्हा अडेल, आणि महिन्याभरात दुसरं कुणीतरी तेच काम पुन्हा चालवेल. ज्या माणसाला ओरडा बसतो तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि न सांगितलेली चूक प्रतींमधून शोधायला आठवडा लागतो.

आता दुरुस्ती. तुम्ही म्हणाल, ‘र्या’च्या जागी सरसकट ‘ऱ्या’ घालून मोकळं व्हावं. कृपा करून नको. ‘सूर्या’, ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘पर्याय’ सगळे मोडतील. शिवाय मराठीत काही जोड्या अशा आहेत की दोन्ही रूपं शुद्ध असतात: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, आचार्यास म्हणजे गुरूला आणि आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. चुकीनंतर या जोड्यांतलं अंतर फाइलीतून पुसलं गेलंय. कोणता दर्या मुळात दऱ्या होता हे आजच्या फाइलीला सांगता येणार नाही. ते फक्त आदल्या रात्रीच्या प्रतीला माहीत आहे.

म्हणून तीन फाइली समोर घ्या: आदल्या रात्रीची चांगली, त्या रात्रीची बिघडलेली, आणि आजची. दाखल क्रमांकानं तिन्ही जुळवा आणि प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारा. पहिला: चांगल्या प्रतीतला मजकूर घेऊन त्यातली जोडखूण काढली, तर तो बिघडलेल्या प्रतीतल्या मजकुराशी तंतोतंत जुळतो का? जुळत असेल तर त्या दोघांतला फरक निव्वळ या चुकीचा, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. दुसरा: आजचा मजकूर बिघडलेल्या प्रतीसारखाच आहे का? असेल तर त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली की आजच्या फाइलीत चांगल्या प्रतीतला मजकूर घाला, घालतानाच ऱ योग्य रूपात बदलून. एखादं उत्तर ‘नाही’ आलं तर ती नोंद वेगळ्या यादीत. तिथं माणसानं पाहायचं. माझ्या अनुभवात ही वेगळी यादी छोटीच निघते, आणि तिच्यात बहुतेकदा कुणीतरी मधल्या काळात हातानं केलेली चांगली सुधारणा असते, जी जुनी प्रत टाकून आपण पुसली असती.

घटनेनंतर भरलेल्या ज्या नोंदी बिघडल्या असतील त्यांची चांगली प्रत कुठेच नाही. त्यांच्यासाठीही जुन्या प्रतींचा उपयोग होतो. चांगल्या प्रतीतून ऱ असलेले सगळे शब्द काढून यादी करा: किनाऱ्यावर, बिचाऱ्या, वाऱ्यावरची, तऱ्हा, कुऱ्हाड. अख्खा शब्द जुळला तरच बदला, शब्दाचा तुकडा नाही. दर्या-दऱ्यासारख्या जोड्या यादीतून वगळा आणि त्या पुस्तकांसाठी सरळ कपाटापाशी जाऊन शीर्षकपान पाहा.

हे सगळं आजच्या फाइलीच्या प्रतीवर करायचं, मूळ फाइलीवर नाही. आणि झाल्यावर तीच तुलना पुन्हा लावायची: दुरुस्तीआधीची आजची फाइल आणि दुरुस्तीनंतरची. फरक जितके ठरवले तितकेच दिसले पाहिजेत, एकही जास्त नाही. नोंदींची एकूण संख्या तीच, किमतींची बेरीज तीच. मग कुठल्याही पन्नास नोंदी काढून त्या पुस्तकांशी ताडून पाहा.

एक गोष्ट हिशेबाच्या फाइली सांभाळणाऱ्या वाचकांसाठी. तिथं जुन्या प्रतीतून चूक शोधावी, पण दुरुस्ती जुना आकडा परत घालून करू नये. चुकीची नोंद तशीच ठेवून ती रद्द करणारी उलटी नोंद टाकून करावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणं कायद्यानं आवश्यक आहे. कायद्याची सक्ती नसली तरी हिशेबात मागचं पान खोडू नये. डेटाबेस असेल, तर रोजची प्रत मजकुराच्या रूपात, एका ओळीत एक नोंद आणि ठरलेल्या क्रमानं काढून ठेवा. तुलना त्यामुळेच जमते.

बॅकअप असा रोजच्या वापरातला असावा ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेच्या प्लॅन ९ या संगणक प्रणालीत रोज साऱ्या फाइलींची स्थिती गोठवून एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर जात असे, आणि कुणालाही वर्ष-तारखेच्या फोल्डरात जाऊन आपली जुनी फाइल पाहता येई. ‘यस्टरडे’ नावाची आज्ञाच होती, कालची फाइल दाखवणारी. साध्या वापरकर्त्याच्या हाती अशी सोय ठळकपणे आली ती २००७ साली ॲपलच्या टाइम मशीनमधून. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की जुनी प्रत पाहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तुमच्या वाचनालयातही प्रत्येकाला जुन्या प्रती वाचता याव्यात, बदलता मात्र येऊ नयेत.

वरचेवर उघडल्या जाणाऱ्या प्रतीच भरवशाच्या असतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. गाजलेलं उदाहरण गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप कितीतरी काळ होतच नव्हता. बिघाडाचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. दर आठवड्याला कुणी एक जुनी फाइल उघडून पाहत असतं, तर ते आधीच कळलं असतं.

गुगल ड्राइव्हवर फाइल ठेवली की बॅकअप झाला असं मानू नका. तिथं चूकही तितक्याच तत्परतेनं सगळीकडे पोचते, आणि एक्सेलसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात. तुमची चूक वार्षिक पडताळणीत सापडली, म्हणजे प्रती वर्षभराहून जास्त काळ राहायला हव्यात. १८,००० नोंदींची सीएसव्ही ५-६ एमबीची होते. वर्षभराच्या ३६५ प्रती मिळून २ जीबीच्या आसपास. एवढ्या जागेसाठी काही पुसण्याचं कारणच नाही. दोन वर्षांच्या रोजच्या, त्यामागच्या महिन्याला एक, असं ठेवा. सूचीबरोबर तिच्यावर चालवलेले मॅक्रो (एक्सेलमध्ये साठवलेल्या आज्ञांच्या मालिका) आणि छोटे प्रोग्रामही त्याच फोल्डरात जाऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी काय बिघडलं याबरोबर कशानं बिघडलं हेही सापडेल.

आणि या वेळच्या तीन फाइली, म्हणजे चांगली, बिघडलेली आणि दुरुस्तीच्या आदल्या क्षणाची, त्यांच्यासोबत काय केलं ते सांगणारं अर्ध्या पानाचं टिपण, हे सगळं वेगळ्या फोल्डरात कायमचं ठेवून द्या. चार महिन्यांनी एखादा वाचक येऊन ‘या पुस्तकाचं नाव असं नाही’ म्हणाला, तर हाताशी लागतील.